मिशी तीच, माणूस तोच

दापोडी, पुणे
१९ नोव्हेंबर १९७४

शिवकन्या,

आणि हे मी कधीच लिहिलं न्हाई की यादवराव कंडक्टर चहाला शिवत न्हाई. मी लिहिलं होतं, त्या दिवशी स्टँडवर त्यानं चहा परत केला. परत केला म्हंजे काय जन्माचा सोडला? माशी पडली असंल, साखर कमी असंल. तुम्ही लोकांनी तिकडं बसल्या बसल्या त्याला शपथ घालून टाकली, आन् आता मलाच खोटं पाडून राह्यले. "गुरुवारी चहा पीत न्हाई, मंग सोमवारी वकिलाच्या घरी कपबशी तोंडाला कशी लावली?" हा माझ्या मायचा सवाल तू शब्दाला शब्द उतरवून पाठवलास. तिला लिहिता येत न्हाई हे माझं नशीब समजत होतो. तुला इतकं बराबर लिहिता येतं हे ध्यानात न्हाई राह्यलं.

मायला पुन्हा एकदा नीट समजून सांग. मी टेलिव्हिजनच्या दुकानात आहे, टेलिव्हिजनमध्ये न्हाई. दुकानातून एखाद्या बंगल्यात डबा गेला की मागून मी सायकलवर एरियल घेऊन जातो. ती गच्चीवर उभी करायची असती. मी वर ती फिरवतो आन् खालून घरातले वरडतात, "आलं! गेलं! अजून थोडं डावीकडं!" चित्र बसलं की मी खाली येतो. मालकीण बरी असली तर दाराशी बसून जेवढं दिसंल तेवढं बघतो. म्हणून एखाद्या नाटकाचं डोकं माझ्या वाट्याला येतं, एखाद्याचे पाय. मधलं पोट मला भरावं लागतं. एवढी मेहनत कोण करतं?

आता यादवरावाचं. गुरुवारी ते एस.टी. स्टँडचं नाटक लागतं, त्यात तो कंडक्टर. तिकिटाच्या खिडकीवरच्या कुसुमला रोज सुट्टे पैसे मागायला जातो, खिशात सुट्टे असून. सोमवारी दुसरं नाटक, वकिलाच्या घरचं. मागल्या महिन्यात एका सोमवारी बघतो तर वकिलाच्या बैठकीत यादवराव! तीच मिशी, तेच नाक, हसताना डावा डोळा तसाच बारीक. तिथं त्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात. म्हणू द्या. माय म्हणती तो दुसराच कुणी असंल. कसा असंल? आपल्या जलशात वसंता सावकार झाला की मिशी लावतो, शिपाई झाला की काढतो. माणूस बदलला की मिशी बदलती, हे लहान पोराला कळतं. इथं मिशी तीच, मंग माणूस तोच. स्टँडवरून उठला आन् वकिलाकडं गेला. पाय आहेत त्याला.

कालचं ऐका. वकिलीणबाईनं त्याला जेवायचा आग्रह केला. तो म्हणला, "नको, घरी बायको वाट पाहत असेल." एवढ्यात त्या घरची वीज गेली आन् मी सायकलवर बसून आलो.

इथं रेघ मारली आहे. रेघेच्या खालचं मोठ्यानं वाचू नको, नेहमीसारखं गिळून टाक.
_____________

मामा माझ्याबद्दल काही बोलतात का? सहज विचारतो. तू बालवाडीत पोरांना मारती का अजून? हे पण सहज.

संपत

॰

बोरखेडी, ता. अंबड
२९ नोव्हेंबर १९७४

संपतराव यांस जयभीम.

राव म्हटलं म्हणून फुगू नकोस, रागानं म्हटलं आहे.

बायको? कुठली बायको?

तुला काही अंदाज आहे का तू काय करून बसलास? पत्र आलं तेव्हा विहारासमोर नेहमीची मंडळी जमली होती. चांगुणाआत्या पुढं, म्हणजे तुझी आई नेहमीसारखी पाटावर, बाकी बाया भिंतीला, आणि अण्णा, म्हणजे तुझे मामा, जरा लांब खाटेवर, मी ऐकतच नाही असं दाखवत. मी वाचत होते, आणि "घरी बायको वाट पाहत असेल" हे तोंडातून गेल्यावर माझ्याच ध्यानात आलं. गिळायला वेळच मिळाला नाही. तू रेघ चुकीच्या जागी मारतोस.

आत्या उठून उभी राहिली. "थांब. मागं जा. बायको म्हणला का?" म्हटलं, हो. "आन् गुरुवारची ती पोरगी? खिडकीवरची? तिला काय सुट्टे पैसेच देत बसायचं का जन्मभर?" सोनूबाईनं तर कुसुमसाठी डोळ्याला पदर लावला. कुसुमला कुणी पाहिलेलं नाही, टेलिव्हिजन कुणी पाहिलेला नाही, पण रडायला काय लागतं!

मग खाटेवरून आवाज आला. अण्णा म्हणाले, "यात नवल काय? शहरात गेलेला माणूस गुरुवारी एक असतो आन् सोमवारी दुसरा. आपल्या संपतचंच बघा. वीटभट्टी, मंग हॉटेल, मंग सायकलचं दुकान, आता हे काडी फिरवणं. त्याचं तिकडं काय काय असंल, कुणी बघितलंय?"

सगळ्या बाया आत्याकडं पाहू लागल्या. आत्या पाट उचलून घरी गेली. अण्णांना उत्तर न देणारी आत्या मी पहिल्यांदा पाहिली.

तुला सांगणार नव्हते, पण सांगते. जाफराबादचे एक मास्तर मला पाहून गेले. अण्णांना पसंत आहेत. अण्णा म्हणतात, "त्यांचं बोलणं सकाळी जे, तेच संध्याकाळी." खरं आहे. सकाळी मला विचारलं, "स्वयंपाक येतो का?" संध्याकाळी निघताना पुन्हा विचारलं, "स्वयंपाक येतो का?"

तेव्हा यादवरावाला बायको आहे की नाही हे एकदाचं स्पष्ट कळव. हे मी आत्याच्या वतीनं विचारते आहे. माझ्या वतीनं नाही.

पोरांना मारत नाही. मोठ्यांना मारावंसं वाटतं.

शिवकन्या

॰

दापोडी, पुणे
९ डिसेंबर १९७४

माय, मामा, मामी आन् आळीतल्या समद्यांना जयभीम. शिवकन्या, हे मोठ्यानं वाच, खाकरून वाच.

यादवरावाला बायको न्हाई. बिलकुल न्हाई. झालं असं की तो त्या वकिलाच्या माडीवरची खोली भाड्यानं मागायला गेल्ता. आता वकील पडला कडक माणूस, एकट्या गड्याला खोली देत न्हाई. म्हणतो, एकटा गडी म्हंजे रात्री-अपरात्री येणार, दोस्त आणणार, घासलेट सांडणार. मंग यादवरावानं काय करावं? स्टँडवर झोपावं? त्यानं ठोकून दिलं की मी लग्नाचा माणूस आहे, बायको तूर्त गावी असती, येईल पुढंमागं. अशी ती बायको. नुसती बोलण्यातली. त्याच्या मनात कुसुमच आहे आन् बायको म्हणताना त्याच्या डोळ्यापुढं तीच होती, हे तोंडावर साफ दिसत होतं. चहापण त्यानं खोलीसाठीच घेतला. घरमालकाचा चहा परत करून चालतं का?

मला ही गोष्ट इतकी बराबर कशी समजली, ते विचारू नका. दापोडीत एकट्या गड्याला खोली मिळत न्हाई, एवढं मला ठाऊक आहे.

दुसरं, मालकाशी माझं वाजलं. एरियल वाकडी झाली तर माझ्या पगारातून कापतो म्हणतो. वारा माझ्या बापाचा आहे का? सुरतेला कापडाच्या मिलमध्ये माणसं घेऊन राह्यले, तिकडं निघावं म्हणतो. एका जागी माझा जीव रमत न्हाई.
_____________

शिवकन्या, आता खालचं. तुझ्या पत्रानंतर मी अरुंधतीबाईंना विचारलं. बंगलेवाल्या बाई, मला दारात न ठेवता आत बसवतात, त्या. म्हणलं, "बाई, या यादवरावाला बायको आहे का न्हाई?" त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. म्हणल्या, "अरे, तो नट आहे. गुरुवारचा माणूस वेगळा, सोमवारचा वेगळा. दोन्ही नाटकांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्याला दोन्हीकडचे पैसे मिळतात."

मी म्हणलं, मंग मिशी का न्हाई बदलली? त्या म्हणल्या, ते मात्र खरं.

म्हंजे जे दोन घरं मी एक केले ते एक नव्हतेच. आता काय करू? पुढच्या पत्रात सगळ्यांना खरं सांगून टाकू का?

त्या मास्तराला सांग, स्वयंपाक येत न्हाई.

संपत

॰

बोरखेडी
२ जानेवारी १९७५

संपत,

खबरदार खरं सांगितलंस तर.

जरा डोकं चालव. तू उद्या लिहिणार, "एकच माणूस गुरुवारी एक असतो, सोमवारी दुसरा असतो, आणि दोन्हीकडून पैसे घेतो." ते मी अण्णांच्या समोर वाचणार. त्यापेक्षा मास्तरांकडं तूच माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन जा. अण्णा गेला महिनाभर हेच तर म्हणत आहेत!

खोलीची युक्ती आत्याला पटली. नुसती पटली नाही, तिनं ती सगळ्यांना तीनदा समजावून सांगितली. "बायको न्हाईच मुळी. खोलीसाठी म्हणला. घरमालक वंगाळ." आता वकिलाला आळीत कुणी चांगलं म्हणत नाही. सोनूबाई म्हणते, कुसुमला हे कुणीतरी कळवायला पाहिजे, नाहीतर ती वेड्यासारखी भलतं काही मनात घेऊन बसायची. मी म्हटलं, तिला कळलं असेल. ती वेडी नाही.

अण्णांना मात्र पटलेलं नाही. ते म्हणाले, "जो खोलीसाठी बायको पैदा करतो, तो उद्या आणखी कशासाठी काय पैदा करील?"

तुझी सुरत मी गिळली. रेघेच्या वर लिहिलं होतंस, शहाण्या! "मालकाशी माझं वाजलं" इथपर्यंत वाचून झालं होतं. सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. मग मी पुढं वाचलं, "वाजलं ते पगारावरून, आणि मालकानं शेवटी पगार वाढवला." आत्यानं लगेच विचारलं, "कितीनं?" मी म्हटलं, पाच रुपयांनी. तेव्हा या महिन्यापासून आत्याला चाळीसच्या जागी पंचेचाळीस पाठव. कुठून आणायचे ते तू बघ. सुरतेला जाऊन तर मुळीच आणू नकोस. तिथं आपलं टेलिव्हिजन दिसतं का? नाही ना? मग यादवराव तिथं कुठून येणार? आणि यादवरावाचं पत्र आलं नाही तर विहारासमोर दर पंधरा दिवसांनी जाफराबादचे मास्तर बसतील.

आत्याला आता शंका येते आहे. परवा माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. म्हणाली, "कागूद दोन्ही बाजूनं भरलाय आन् वाचणं एवढंसंच कसं?" मी म्हटलं, अक्षर मोठं आहे.

माणूस एक की दोन, हे टेलिव्हिजनवाल्यांनी ठरवावं. इथं तो एकच आहे. एकच ठेव.

शिवकन्या

॰

बोरखेडी
२२ जानेवारी १९७५

संपत,

घाईत लिहिते. अण्णा पुण्याला निघाले. बाहेर कुणाला खरं न सांगता, डोळ्यांना चष्मा घ्यायचा म्हणून. चष्मा अंबडला मिळतो. तू कुठं राहतोस, कुणाजवळ राहतोस, हे स्वतः पाहायचं आणि आल्यावर मास्तरांना होकार कळवायचा, असं माझ्या मायला म्हणताना मी ऐकलं. खोली झाडून ठेव. दाढी कर. खोलीत काही भलतं असेल तर बाहेर काढ. भलतं कुणी असेल तर मला कळवूसुद्धा नकोस.

शि.

॰

दापोडी, पुणे
३ फेब्रुवारी १९७५

माय, मामा इकडं आल्ते. त्यांची तब्येत चांगली. बाकी इकडची हकीकत मामाच सांगतील. या महिन्याचे पंचेचाळीस पाठवले.
_____________

शिवकन्या, तुझं पत्र मामा गेल्यावर आलं. आता सगळं ऐक आन् मंग मास्तराच्या नावानं भाकरी थापायला शिक. माझं काही खरं न्हाई.

शनिवारचा दिवस. अरुंधतीबाईंची एरियल वाऱ्यानं फिरल्ती म्हणून मी त्यांच्या गच्चीवर. खालून त्यांचा आवाज येऊन राह्यला, "गेलं! आलं! गेलं!" मी फिरवून राह्यलो. मधीच बाईंचा आवाज बंद झाला आन् दुसरा आला, "आलं रे आलं! संप्या, हलू नको! आता सोडलंस तर बघ!" मी काडी घट्ट धरली. जगात मला संप्या म्हणून वरडणारं माणूस एकच आहे.

दुकानात विचारत विचारत मामा बंगल्यावर आल्ते. मी वरून वाकून बघायला गेलो की खालून वरडायचे, "गेलं! गेलं! जाग्यावर जा!" नाटक संपेपर्यंत मी तिथं काडी धरून उभा. खाली बाई आन् मामा यांचं काय चाललंय ते खिडकीतून ऐकू येत होतं. त्या दिवशी वेगळंच नाटक होतं, चोर-पोलिसांचं. त्यात फौजदार आला. मामा कडाडले, "हा तर यादवराव!"

बाई म्हणल्या, "अहो, ते नट आहेत. वेगवेगळी सोंगं घेतात."

मामा म्हणले, "बाई, वीस वर्षं जलशात ढोलकी वाजवलीय मी. सोंग काढणाऱ्याला मिशी चिकटवावी लागती. याची सवताची हाय."

बाई पुन्हा सांगायला गेल्या, तर मामा म्हणले, "तुम्ही शिकलेल्या हाव, तुमच्या घरात डबा हाय, पण माणूस वळखायचं मला नका शिकवू." बाईंनी त्यांना चहा दिला. त्यांनी बशीत वतून पिला. मी खाली आलो तर माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

मंग म्हणले, खोली दाखव. दापोडीला आलो. माझी घरमालकीण तुळजाबाई दारात तांदूळ निवडत बसल्ती. मामांनी मला म्हणलं, "तू जा, पाणी घेऊन ये." मी नळावर गेलो. वापस येतो तर दोघांचं बोलणं चालू होतं. तुळजाबाईला मी इथं राहायला आलो तवा एक सांगितलं होतं. तेच तिनं मामांना सांगून टाकलं. काय सांगितलं ते मला तुला लिहायला होत न्हाई. तुला कळलं तर तू पोरांना सोडून मला मारशील.

 मामांनी माझ्याकडं बघितलं, मंग तुळजाबाईकडं, मंग खोलीतल्या घडवंचीकडं. जेवले न्हाई. स्टँडवर माझ्या पुढं पुढं चालले. एस.टी. निघाली तवा खिडकीतून एवढंच म्हणले, "काडी नीट धरत जा."

मास्तर चांगला माणूस असंल. सकाळी-संध्याकाळी एकसारखा. यादवरावाचं मी आता लिहिणार न्हाई.

संपत

॰

बोरखेडी
१४ फेब्रुवारी १९७५

संपत,

रडका कुठला. मला आधी हसू आवरू दे, मग लिहिते.

अण्णा एस.टी.तून उतरले ते घरी न येता सरळ विहारासमोर. पिशवी खांद्यालाच. आत्याच्या पाटावर स्वतः बसले. आत्या भिंतीला! आणि सुरुवात केली. "मी बघितला. सवताच्या डोळ्यांनी."

"कोण?"

"यादवराव. फौजदार झाला."

तुला काय सांगू काय झालं ते. सोनूबाईनं टाळ्या वाजवल्या. अण्णांनी सगळं उभं राहून करून दाखवलं. टोपी अशी, पट्टा असा, चोराला धरलं तो असा. कुणी म्हणालं, कंडक्टरचा फौजदार कसा होईल? तर अण्णा त्याच्यावर असे उखडले! "का न्हाई होणार? एका जागी चिकाटीनं राह्यला, वर गेला. स्टँडवर होता तवा तुम्हीच नावं ठेवली." नावं कुणी ठेवली होती हे सगळ्यांना आठवत होतं. आत्यानं एवढंच विचारलं, "चहा घेतो का आता?" अण्णा म्हणाले, "घेतो. फौजदारानं चहा न्हाई घेतला तर चोराला वाटंल घाबरला." आत्याचं समाधान झालं. ती म्हणाली, खोलीसाठी इतकं सफाईनं खोटं बोलला तवाच मला वाटलं, हा पोलिसात जाणार.

मग तुझं. तू काय समजतोस, अण्णा तुझ्यावर रागावून गेले? इथं अण्णा दोन्ही हात वर करून सांगत होते, "संपत गच्चीवर उभा. त्यानं काडी धरली की खाली फौजदार दिसतो. त्यानं काडी सोडली की फौजदार गायब, चोर गायब, अख्खं पुणं गायब! असलं जोखमीचं काम आहे. आन् पोरगं इतका वेळ जागचं हललं न्हाई." संपत जागचा हलला नाही, हे अण्णांच्या तोंडून! आत्या घरी जाऊन रडली. खरं रडली, कुसुमसाठी रडतात तसं नाही.

आता मला समजत नाही ते. काल मास्तरांचा माणूस आला होता होकार न्यायला. अण्णांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, "मास्तरांना सांगा, मुलगी दिलेली आहे." तो चकित. माय चकित. मी पडद्याआड होते, मला चूल दिसेना. त्यानं विचारलं, "कुठं दिली? कधी?" अण्णा म्हणाले, "पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. बोरखेडीतच कुणाला माहीत नव्हतं."

पुण्यात सगळ्यांना काय माहीत आहे, संपत?

मी अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "त्याला विचार. पण त्याला म्हणावं, आता रेघ मारून लिहायचं नाही. बालवाडी चालवणाऱ्या मुलीला वाचायला मीच शिकवलंय, मलाही थोडं येतं."

म्हणजे सगळी पत्रं त्यांनी माझ्या पेटीतून काढून वाचली आहेत. वरचं आणि खालचं. मला कालपासून जेवण गेलं नाही. अण्णा मात्र दोन्ही वेळा पोटभर जेवले.

शिवकन्या

॰

दापोडी, पुणे
२४ फेब्रुवारी १९७५

ती. तातेराव मामा यांस भाच्याचा सविनय जयभीम.

हे पत्र तुमच्या नावानं आहे. पण शिवकन्यानंच वाचावं, विहारासमोर, मोठ्यानं, समदे जमल्यावर. शिवकन्या, आज कागदावर रेघ न्हाई. एक अक्षर गिळायचं न्हाई, एक अक्षर पदरचं घालायचं न्हाई. मधी आवाज बसला तर पाणी पी आन् पुढं वाच.

मामा, तुळजाबाई काय म्हणल्या ते तुम्ही ऐकलं. मायनं न्हाई ऐकलं, म्हणून सांगतो. मी दापोडीला खोली मागायला आल्तो तवा तुळजाबाई म्हणल्या, एकट्या गड्याला खोली न्हाई. मी तीन आळ्या फिरल्तो, पाय दुखून राह्यले होते. मी म्हणलं, मी लग्नाचा आहे, बायको तूर्त गावी असती. त्या म्हणल्या, नाव काय? मला दुसरं नाव सुचलंच न्हाई. मी म्हणलं, शिवकन्या. मामाचीच पोर आहे, मॅट्रिक झालीय, बालवाडी चालवती, तिला शाळा सोडून येता येत न्हाई.

तवापासून तुळजाबाई दर सणाला विचारतात, "शिवकन्या कधी येणार?" लोणचं घातलं की तिच्या वाट्याची बरणी बाजूला काढून ठेवतात. घडवंचीवर त्या दोन बरण्या आहेत त्या तिच्याच, मामा. तुम्ही त्यांच्याकडंच बघत होते. त्या दिवशी तुळजाबाईंनी तुम्हाला विचारलं, "तुम्ही तिकडचे का? शिवकन्याचे वडील कसे आहेत हो? जावई तर त्यांचं लय चांगलं सांगतो." मी बादली घेऊन पायरीखाली उभा होतो. तुम्ही म्हणलात, "वडील बरे हैत. जरा तापट हैत."

यादवरावाचं सगळं तुम्ही स्वतः बघून आलात, तवा त्यात मी आता काही घालत न्हाई. तो एकच माणूस आहे, स्टँडवर होता, वकिलाकडं राह्यला, फौजदार झाला. अरुंधतीबाईंनापण मी आता तसंच सांगितलं. त्या म्हणल्या, बरं बाबा, तसं तर तसं. फक्त कुसुमचं राहून गेलं, ते नाटक परवा संपलं आन् त्यांनी तिचं काहीच केलं न्हाई. सोनूबाईला सांगा, काळजी नको. तो तिला न्हाई विसरणार.

मी सुरतेला जात न्हाई. कुठंच जात न्हाई. काडी धरून उभा आहे.

मामा, मी खोलीसाठी जे खोटं बोललो ते मला खरं करायचं आहे. एवढंच मागणं. तुम्ही मास्तरांच्या माणसाला जे बोललात ते रागानं बोललात का खुशीनं, ते मला शंभर कोसांवरून दिसत न्हाई, आन् तुम्हाला एरियल लावता येत न्हाई. म्हणून तुमच्या तोंडून साफ ऐकायचं आहे. हो असंल तर पुढच्या पत्रात एका शब्दात लिहा. शब्द शिवकन्याकडून लिहून घ्या, तिला अक्षर चांगलं आहे. न्हाई असंल तर तो तुम्ही तुमच्या हातानं लिहा, म्हंजे तिला लिहावा लागणार न्हाई.

माय, तू रडू नको. आता भिंतीला बसती का पुन्हा पाटावर, ते कळव.

मनीऑर्डर वेगळी केली आहे. नेहमीचे चाळीस मायचे. पाच वाढलेल्या पगाराचे, त्या पगारवाढीची माहिती माझ्यापेक्षा शिवकन्याला जास्त आहे. आन् पाच साखरेचे. मामा हो म्हणले तर आळीत वाटा, न्हाई म्हणले तर मायच्या चहाला ठेवा, चहा परत करायचा न्हाई. मिळून पन्नास रुपये.

तुमचा
संपत